साहेबांचं ‘सान’ कुठे गेलं?

प्रश्न: ओसाकातल्या एका कचेरीत नुकतीच रुजू झालेय. बाहेरून फोन आला, तेव्हा आमचे साहेब जागेवर नव्हते. मी मुद्दाम आदराने ‘तानाका-सान इराश्शाइमासेन’ (‘तानाकाजी जागेवर नाहीत’) म्हटलं, तर शेजारच्या बाईंनी डोळेच मिटले! चुकलं काय?

उत्तर: आदर जास्त झाला, तोही घरच्याच माणसाला. मराठीत आपण परक्यापुढेही ‘साहेब बाहेर गेलेत’ म्हणतो. जपानीत ऐकणारा बाहेरचा असला की साहेबही ‘आपल्यातला’ होतो. त्याचं ‘सान’ गळतं, क्रियापद नम्रतेचं येतं: ‘तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु’, म्हणजे तानाका सध्या जागेवर नाही. हो, जवळजवळ एकेरीच! माझी जीभ चार महिने अडखळत होती. साहेब नेमके पाठीमागेच बसायचे. फोन ठेवला की त्यांना लगेच पुन्हा ‘सान’.

२००७ साली तिथल्या सांस्कृतिक व्यवहार परिषदेने केइगोचे, म्हणजे जपानीतल्या आदरार्थी भाषेचे, तीनऐवजी पाच प्रकार केले. फोनपुरतं ‘असणे’साठी मानाचं ‘इराश्शारु’ समोरच्यांना, नम्रतेचं ‘ओरु’ आपल्यांना, एवढं सांभाळा. आणि घाबरून ‘ओश्शारारेरु’ म्हणू नका. ‘ओश्शारु’मध्ये (‘म्हणणे’चं आदरार्थी रूप) मान आहेच, त्यावर आणखी मानाचा प्रत्यय म्हणजे ‘श्रीयुत साहेबरावजी साहेब’.