पोलो जीटीनंतर काय? जुनी थ्री सिरीज, नवी व्हर्टस आणि मुलाच्या शिक्षणाचे पैसे

प्रश्न : वय ४१, राहणार बाणेर. माझ्याकडे २०१५ ची पोलो जीटी टीएसआय आहे आणि ताम्हिणीत तिच्याइतकी मजा मला कुठल्याच गाडीत येत नाही. पण आता आम्ही पाच जण आहोत. आम्ही दोघं, १२ आणि ४ वर्षांची मुलं आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले बाबा. मिसेस म्हणतात क्रेटा घ्या, मला एसयूव्ही नको आहे. दिल्ली पासिंगची २०२० ची बीएमडब्ल्यू ३३०आय एम स्पोर्ट (थ्री सिरीज) ३२ लाखांना मिळतेय. दुसरा पर्याय फोक्सवॅगनचीच नवी सेडान, व्हर्टस जीटी १.५, ऑन-रोड कोटेशन २१.८ लाख. दोघांचा मिळून हातात येणारा पगार २.१० लाख. गृहकर्जाचा हप्ता ५८ हजार, एसआयपी ४५ हजार, फी-पेट्रोलसकट घरखर्च ७० हजार. पोलोचे ४ लाख येतील, गाडीसाठी ५ लाखांची एफडी आहे. बीएमडब्ल्यूसाठी म्युच्युअल फंडातून (एकूण २८ लाख, मोठ्याच्या कॉलेजसाठी) ७ लाख काढून बाकी १६ लाखांचं कर्ज साडेबारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घ्यायचं म्हणतोय. आकस्मिक खर्चासाठी वेगळे ४ लाख आहेत. काय करावं?

उत्तर : आधी एक गोष्ट सांगून टाकतो. चांगली चालणारी गाडी हवी असणं ही चैन असेल, पण चूक नाही. क्रेटा घेतली असती तर बाबांना चढ-उतार सोपी झाली असती, पाच माणसं ऐसपैस बसली असती आणि मला हे उत्तर लिहावंच लागलं नसतं. पण मनाविरुद्ध घेतलेली गाडी लोक दोन-तीन वर्षांत विकतात. गाडीच्या व्यवहारात सगळ्यात जास्त पैसा जातो तो या अदलाबदलीत, कारण दर वेळी रोड टॅक्स, विमा आणि घसारा नव्याने भरावा लागतो. त्यामुळे तुम्ही जी गाडी आठ वर्षं आनंदाने ठेवाल, तीच मला हिशेबात परवडणारी वाटते. आता प्रश्न एवढाच की बीएमडब्ल्यू आणि व्हर्टस या दोघींतली कुठली आठ वर्षं ठेवता येईल.

बीएमडब्ल्यूच्या बाजूने तुमचा युक्तिवाद असा : नवी असताना ऑन-रोड पन्नास लाखांच्या पुढची गाडी, घसारा पहिल्या मालकाने सोसला, मग फायदा आपलाच. हे अर्धंच खरं आहे. जुनी गाडी स्वस्त होते, तिचे सुटे भाग आणि कामगार-तास स्वस्त होत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, रनफ्लॅट (पंक्चर होऊनही काही अंतर चालणारे) टायर, सेन्सर यांचं बिल पन्नास लाखांच्या गाडीचंच येतं. वॉरंटी संपलेल्या अशा गाड्या घेणाऱ्यांना मी वर्षाला किमान दीड लाख नुसते देखभालीसाठी वेगळे ठेवायला सांगतो.

आता तुमचेच आकडे घेऊ. २.१० लाखांतून ५८, ४५ आणि ७० हजार गेले की ३७ हजार उरतात. १६ लाखांवर साडेबारा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता येतो जवळपास ३६,००० रुपये. हातात राहतात एक हजार. देखभालीचे महिन्याला साडेबारा हजार कुठून येणार? एसआयपीतून. तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण आकडे तेच सांगतात. पाच वर्षांत व्याजच सुमारे ५.६ लाख जाईल, तेही जुन्या गाडीवर.

दिल्ली पासिंगबद्दल डीलरने तुम्हाला काय सांगितलं, ते प्रश्नात नाही. बारा महिन्यांच्या पुढे गाडी इथे ठेवायची तर दिल्लीच्या आरटीओची एनओसी आणून महाराष्ट्रात फेरनोंदणी आणि इथला रोड टॅक्स भरणं आलं. आपल्याकडे वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यापुढे १३ टक्के असा दर आहे. जुन्या गाडीला वयानुसार सवलत मिळते, तरी इतक्या महाग गाडीचा आकडा लाखांतच येतो. ३२ लाखांत हा कर धरलाय का, हे लेखी घ्या. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात त्याचं एक कारण इथेच आहे. शिवाय पाच वर्षांपुढच्या गाडीला झिरो डेप विमा मिळणं अवघड होत जातं. म्हणजे अपघातानंतर प्लास्टिक-रबराच्या भागांचा घसारा तुमच्या खिशातून जाणार.

फंडातल्या ७ लाखांचंही बोलू. मोठा १२ वर्षांचा आहे, कॉलेजला सहा वर्षं आहेत. वर्षाला १० टक्के परतावा धरला तर हे ७ लाख तोवर १२.४ लाखांच्या आसपास होतात. आज काढले तर १.२५ लाखांवरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर. त्यात ४ लाख नफा असेल तर सेससह ३५ हजारांच्या वर. कर फार मोठा नाही. पण या पैशांवर नाव मुलाचं लिहिलंय आणि त्याची तारीख पुढे ढकलता येत नाही.

थोडक्यात, बीएमडब्ल्यू नको. मागच्या चाकांवर चालणारी, २५८ पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती), घाटात अप्रतिम, सगळं मान्य. पण ज्या कारणासाठी पोलो बदलताय त्यातही ती पैकीच्या पैकी नाही. सीट खाली आहे, मागे मधोमध मोठा उंचवटा आहे. बाबांना त्यातून उठताना हात द्यावा लागेल. सोसायटीच्या गतिरोधकांचं मी बोलतच नाही.

व्हर्टसकडे वळू. पोलोपेक्षा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १८ सेंटिमीटरने जास्त, म्हणजे २६५१ मिमी, आणि ती वाढ मागच्या प्रवाशांच्या पायांना कळते. डिकी २८० लिटरवरून ५२१ वर जाते. इंजिन १०५ पीएसवरून १५० पीएसवर. गाडी चाकणचीच, ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही, त्यामुळे धाकट्याच्या चाइल्ड सीटची चिंता नाही. सेडान असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली, म्हणून वळणावर ती एसयूव्हीसारखी कलत नाही. थ्री सिरीजचा तोल तिला नाही, पण पोलोतून उतरून बसणाऱ्याला अनोळखी वाटणार नाही.

एक खोट मात्र आहे. तिची रुंदी १७५२ मिमी. मागे बाबा आणि दोन मुलं आज बसतील, मोठा सोळाचा झाला की खांद्याला खांदा लागेल. म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, चाइल्ड सीट लावून पाचही जण बसून अर्धा तास फिरा. तिथे अडचण वाटली तर चौथ्या पिढीची जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया २.० टीएसआय बघा. २०२१ ते २०२३ मध्ये आपल्याकडे विकली गेली, छत्रपती संभाजीनगरला जोडली जायची, १९० पीएस आणि ६०० लिटरची डिकी. रुंदीही चांगली सात सेंटिमीटरने जास्त. अटी माझ्या तीनच : एमएच पासिंग, अधिकृत वर्कशॉपची पूर्ण सर्व्हिस नोंद, आणि किंमत व्हर्टसच्या वर नाही. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता मात्र १५०० सीसीच्या वरचा लागेल, वर्षाला ७,८९७ रुपये. व्हर्टस १४९८ सीसीची असल्यामुळे ३,४१६ च्या गटात बसते.

तुम्हाला वाटत असेल की सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानंतर गाड्या बऱ्याच स्वस्त झाल्या. झाल्या, पण तुमच्यासाठी फारशा नाहीत. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांवर आली. व्हर्टस ४५ वरून ४० वर. मागच्या सीटला जागा हवी म्हटलं की सरकारही त्या जागेचं भाडं घेतं.

पैशांची मांडणी अशी करा. २१.८ मधून पोलोचे ४ आणि एफडीचे ५ गेले की १२.८ लाख उरतात. आज १३ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता २७ हजार. ३७ पैकी २७ म्हणजे बसतं, पण आवळून. त्यापेक्षा वर्षभर थांबा आणि हे २७ हजार दर महिन्याला लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, लगेच पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) टाका, जणू हप्ता सुरूच झालाय. वर्षाअखेर सव्वातीन लाख जमतील. किंमत थोडी वाढली तरी कर्ज दहा लाखांवर येईल आणि हप्ता २०,८०० वर. शिवाय २७ हजार बाजूला काढताना जीव कासावीस होतो का, हे कर्ज न घेता कळेल. सात वर्षांच्या कर्जाच्या मोहात पडू नका. दहा लाखांवर हप्ता १६,१०० दिसतो, पण व्याज लाखभराने वाढतं.

त्या वर्षात आकस्मिक निधी चारवरून सहा लाखांवर न्या, बोनसमधून. गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचा महिना १.२८ लाखांचा आहे, म्हणजे आजचे चार लाख जेमतेम तीन महिने पुरतील. बाबांच्या आरोग्य विम्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. तो नसेल तर गाडीआधी तो विषय.

पोलो विकताना विमा कंपनीकडून एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट) राखून ठेवल्याचं पत्र घ्या. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुमचा ५० टक्क्यांपर्यंत गेला असेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) विम्याच्या हप्त्यात तेवढी सूट मिळते, पत्र तीन वर्षं चालतं. शोरूमवाले ही आठवण स्वतःहून करून देतीलच असं नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला प्राप्तिकर) घेतात, तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घ्या.

राहिला प्रश्न डीएसजी (ऑटोमॅटिक) की सहा गिअरची मॅन्युअल. मॅन्युअल स्वस्त पडते आणि घाटात तुम्हाला तीच आवडेल. पण मुलांना सोडायला आणि बाबांना फिजिओथेरपीला न्यायला गाडी मिसेस चालवणार असतील, तर बाणेर रोडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच त्यांच्या पायाखाली असेल. हे त्यांनाच ठरवू द्या. क्रेटाचा हट्ट सोडल्याबद्दल एवढा हक्क त्यांचा बनतोच.