निखाऱ्यावरची कोंबडी, दुसऱ्या दिवशी

वावरात पऱ्हाटीच्या निखाऱ्यांवर कोंबड्या भाजल्या. उरलेले तुकडे सकाळी तव्यावर गरम केले तर चामड्यासारखे झाले. काय चुकलं? (आर्वी)

भाऊ, तवा कोरडा होता आणि आच मोठी. भाजतानाच मांसातलं बरंच पाणी गेलेलं असतं. पुन्हा ६५-७० अंशांच्या वर गेलं की तंतू आणखी आवळतात आणि उरलंसुरलंही पिळून काढतात. म्हणून पसरट गंजात तुकड्यांचा एकच थर लावा. तळाशी अर्धी वाटी पाणी किंवा कालचा रस्सा, वर घट्ट झाकण, आच मंद. चूल असेल तर वैलावर ठेवा, तिथली धग याला नेमकी पुरते. मध्ये एकदा उलटा. हाडाजवळ फोडून पाहा, आतून वाफ निघाली पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश. मग झाकण काढून पाणी आटू द्या, चमचाभर तेल सोडा आणि मिनिटभर मोठी आच. कडा परत खरपूस होतात. बहुतेक लोक मोठी आच आधीच देतात, तिथंच फसतात.

टांगडीत चरबी आणि चिवट जाळी जास्त, ती हे सहन करते. छातीचा तुकडा मात्र अख्खा गरम करूच नका. हातानं रेषारेषांनी मोकळा करून उकळत्या रश्श्यात टाका आणि उकळी आली की उतरवा.

सुनेनं मायक्रोवेव्ह आणलाय. त्यात चालेल? (मारेगाव)

चालेल. पाणी शिंपडा, झाकण ठेवा, पॉवर अर्धी करा आणि मध्ये थांबून तुकडे फिरवा. खरपूसपणाची अपेक्षा मात्र सोडा.

मे महिन्यात रात्री भाजलेलं मटण ओट्यावर टोपल्याखाली राहिलं. सकाळी खळखळून उकळलं तर खाता येईल ना? (चिमूर)

नाही, ताई. उकळल्यानं जंतू मरतात, पण काही जंतू मांसात विष सोडून बसलेले असतात आणि ते विष उकळूनही जात नाही. वास चांगला आहे म्हणून विश्वास ठेवू नका, या विषाला वास नसतो. एरवी शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात म्हणजे तासच धरा. जेवायला बसण्याआधीच उरणारं बाजूला काढून पसरट डब्यात ठेवलं की लवकर निवतं. फ्रिज नसेल तर तेवढंच भाजा, नाहीतर शेजारी वाटी पाठवा!

करीच्या दिवशीचं मटण दुसऱ्या दिवशी वेगळंच लागतं. शिळकट वास का येतो? (साकोली)

मांसातल्या लोहामुळे चरबीला हवा लागून ती खवट होऊ लागते. गरम केलं की तो वास वर येतो. लवंग, लसूण यांतले घटक याला काही अंशी रोखतात, त्यामुळे झणझणीत सावजी वाटणातलं मटण नुसत्या मीठ-हळदीच्या मटणापेक्षा बरं टिकतं. हाडासकट मोठेच तुकडे ठेवा, बारीक चिरू नका. डबा गच्च भरून झाकण लावा, म्हणजे हवा कमी लागते. तीन-चार दिवसांच्या आत संपवा. आणि पूर्ण डबा पुन्हापुन्हा गरम करू नका, खायचं तेवढंच काढा.