वाचनाचा वेग खरंच वाढवता येतो का? त्यात काही गमवावं लागतं का?

वाढतो, पण जाहिराती सांगतात तितका नाही. इंग्रजी मनात वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला साधारण २४० शब्द धरतात. हजार-दोन हजारांचे दावे म्हणजे वाचन नव्हे, चाळणं.

डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. प्रत्येक थांबा सुमारे पाव सेकंदाचा, आणि त्यात स्पष्ट दिसतात ती मोजकीच अक्षरं. त्यामुळे 'अख्खी ओळ एका नजरेत' वगैरे सोडून द्या. मनातला आवाज बंद करा, मागे वळू नका, हे सल्लेही जपूनच घ्या. 'नाही', 'तरच', 'वगळता' असा एखादा शब्द निसटला की वाक्याचा अर्थच उलटतो, आणि ते मागे वळल्यावरच कळतं. करारनामा असा वाचलात तर कल्याणच!

टिकाऊ वेग येतो तो शब्दसंग्रह आणि विषयाची ओळख वाढल्यावर. म्हणजे भरपूर वाचूनच. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

चाळण्याला मात्र नावं ठेवू नका. अनुक्रमणिका, मथळे, परिच्छेदांची पहिली वाक्यं बघा. कामाचा भाग सापडला की घड्याळ बाजूला ठेवून नीट वाचा.