कोब्रा रेप्लिकात (जुन्या शेल्बी कोब्रा स्पोर्ट्स कारची नक्कल) फोर्डचं ३०२ घनइंची इंजिन काढून ३४७ स्ट्रोकर (त्याच इंजिनचा स्ट्रोक वाढवून केलेलं) बसवतोय. गिअरबॉक्स जुन्या मस्टँगचा, पाच गिअरचा टी-५ आहे. क्लच कुठला घेऊ?

क्लचच्या आधी गिअरबॉक्सचं बघा. टी-५ साधारण ३०० फूट-पौंड टॉर्कसाठी बनलेला. नीट बांधलेला ३४७ सहज ४०० च्या आसपास जातो. क्लच कितीही दणकट घेतलात, तरी मार बसणार तो गिअरांवरच. गाडी हजार-अकराशे किलोची असल्याने टी-५ काही काळ तग धरेलही, पण रुंद चिकट टायर आणि सिग्नलवरून उडवायची हौस असेल तर ट्रेमेक कंपनीचा टीकेएक्स हा जास्त दणकट गिअरबॉक्स घ्या.

क्लच साधा १०.५ इंची, ऑरगॅनिक डिस्कचा, प्रेशर प्लेट थोडी कडक. सिरॅमिक पकवाल्या (सलग अस्तराऐवजी सिरॅमिकचे सुटे तुकडे असलेल्या) डिस्कच्या नादी लागू नका. ट्रॅफिकमध्ये गाडी नुसती हिसके देते, आणि कोब्राच्या त्या चिंचोळ्या फूटबॉक्समध्ये (पेडलांच्या कप्प्यात) जड पेडल दाबून पाय भरून येतो.

खरी गोची फ्लायव्हीलची. १९८० पर्यंतचे ३०२ हे २८ औंस बॅलन्सचे (म्हणजे क्रँकचा तोल साधायला फ्लायव्हील आणि पुढच्या बॅलन्सरवर मुद्दाम ठेवलेला असमतोल), नंतरचे ५०. स्ट्रोकर किटचा क्रँक बऱ्याचदा २८ चा किंवा इंटर्नल बॅलन्सचा (तोल क्रँकमध्येच साधलेला) असतो. जुनं फ्लायव्हील तसंच चढवलंत तर इंजिन थरथरून बेअरिंगं खाईल. पुढचा बॅलन्सरही त्याच आकड्याचा हवा. बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) बसवताना डायल गेज लावून रनआउट, म्हणजे मध्यापासूनची तिरकस चूक, ०.००५ इंचाच्या आत आणा.

बाकी, फक्त रविवारी फिरवायची असेल तर चांगले हेड्स आणि कॅम टाकलेला ३०२ सुद्धा या वजनाला भरपूर होतो.