नाइट ड्युटी लागलीय? आधी उजेडाचं बघ

अगं, पहिल्यांदाच नाइट लागली म्हणून घाबरू नकोस, पण चहा-कॉफीच्या आधी उजेडाचं गणित बसव. आपल्या डोळ्यांत दिवस-रात्रीचा अंदाज घेणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. साधारण 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर उजेडाने त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात, मेलाटोनिन हे झोपेचा इशारा देणारं हार्मोन दबतं आणि झोप उडते. म्हणून रात्रीच्या पहिल्या निम्म्या भागात नर्सिंग स्टेशनवर पुरेसे दिवे लाव. पहाटे तीननंतर बसायची जागा मंद ठेव. औषध काढताना, सलाइन लावताना मात्र उजेडात काटकसर अजिबात नको.

सकाळी निघताना गॉगल घाल. डोळे मिटत असतील तर गॉगलही नको आणि स्कूटरही नको, सरळ रिक्षाने जा. खोलीला जाड, गडद पडदे हवेतच. माझ्या मते पहिल्या पगारातला पहिला खर्च तोच.

दुपारी उठलीस की अर्धा तास गच्चीवर जा. ट्यूबलाइटखाली तीनशे-पाचशे लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात, बाहेर ढगाळ आभाळातही काही हजार. बंद खिडकीमागचं ऊन ड जीवनसत्त्वासाठी उपयोगाचं नाही, काच त्यासाठी लागणारे किरण अडवते.

इतकं करूनही झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखव, मेलाटोनिनच्या गोळ्या परस्पर सुरू करू नकोस.