पटीत बोलू नकोस

प्रिय डॉक्टर,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला. एवढे पेपर, एवढे आलेख आणि शेवटी एकच ओळ : 'मॅडम, मग नातेवाइकांना नेमकं काय सांगू?' भोरकडच्या ७४ वर्षांच्या आजी, स्तनाचा कर्करोग, दीड सेंटिमीटरची गाठ, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी, गोळीला दाद देणारी), बगल सोनोग्राफीत स्वच्छ. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाला रेडिएशन ऑपरेशनच्या टेबलावरच उरकून हवंय. सर्जन म्हणतात करून टाकू, तुझे सर म्हणतात बाहेरूनच द्या, आणि तू 'पाचपट' या शब्दापाशी अडकून बसलायस.

अरे, पण पाचपट कशाच्या? मिलानच्या एलियट चाचणीत काही बायकांना ऑपरेशनमध्येच इलेक्ट्रॉनचे २१ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप) एकदम दिले. १५ वर्षांत त्यांच्यातल्या १२.६ टक्के जणींना त्याच स्तनात आजार परतला. बाहेरून पूर्ण स्तनाला शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्यांत हे प्रमाण २.४ टक्के. पाचपट, बरोबर आहे तुझं. आता शंभर बायका समोर बसव. एकीकडे बारा-तेरा जणी, दुसरीकडे दोन-तीन. फरक दहा जणींचा, तोही १५ वर्षांत. आणि एकूण किती जगल्या? दोन्हीकडे जवळपास सारख्याच. मुलाला 'पाचपट धोका' म्हणालास की तो मान हलवून सही करेल. 'शंभरातल्या दहा' म्हणालास तर तो प्रश्न विचारेल. तुला सही हवीय की प्रश्न?

उलट बाजूनेही हेच. लंडनच्या जयंत वैद्यांची टार्गिट चाचणी : गाठ काढलेल्या पोकळीत गोळ्यासारखा ॲप्लिकेटर ठेवायचा, ५० किलोव्होल्टचे सौम्य एक्स-रे सोडायचे, पृष्ठभागाला २० ग्रे, अर्धा-पाऊण तास. पाच वर्षांत त्याच स्तनात आजार परतला टेबलावर शेक घेतलेल्यांत २.११ टक्के, बाहेरून घेतलेल्यांत ०.९५ टक्के. हेही दुपटीहून जास्तच की! पण तुझे सर्जन 'काही फरक नाही' म्हणतात, कारण शंभरात तो एकीचाच आहे. म्हणजे नको असलेल्या उपचाराचं पटीत सांगायचं आणि हव्या असलेल्याचं शंभरात. मला याचा मनस्वी संताप येतो. तू असं करायचं नाहीस. पट सोड, शंभरात किती ते सांग.

आणि कुठल्या शंभर, किती वर्षांत, हेही. हार्मोन पॉझिटिव्ह आजार रेंगाळत परततो. पाच वर्षांचा आकडा पंधराच्या शेजारी मांडून तुलना केलीस ती तुझ्या तक्त्यात, ती खोड. शिवाय एलियटमध्ये सगळ्या काही तुझ्या आजींसारख्या नव्हत्या. गाठ दोन सेंटिमीटरच्या वर, बगलेत चार किंवा जास्त गाठी, ग्रेड तीन (झपाट्याने वाढणारा आजार) किंवा ट्रिपल निगेटिव्ह (दोन हार्मोन आणि हर-टू, तिन्ही तपासण्या निगेटिव्ह), यांपैकी काहीही असलेल्यांत पाच वर्षांचा परतावा ११.३ टक्के होता. यांपैकी काहीच नसलेल्यांत १.५.

म्हणूनच रिपोर्ट महत्त्वाचा. टेबलावर शेक देऊन झाला तरी पॅथॉलॉजीचा शेवटचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो, आणि टार्गिटमध्ये शंभरातल्या वीसेक जणींना तो पाहून पुढे बाहेरूनही द्यावा लागला. मुलाच्या डोक्यात 'एकदाच आणि संपलं' बसलंय. ऑपरेशनच्या आधी हे वीस सांग, नंतर सांगितलंस तर तो तुला खोटारडा म्हणेल आणि मी त्याची बाजू घेईन.

आता तुझ्या मेसेजमध्ये जे अजिबातच नव्हतं ते. या आजींना शेक नकोच असं झालं तर? प्राइम टू या चाचणीत ६५ वर्षांवरच्या, तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या, बगल स्वच्छ, हार्मोनची गोळी घेणाऱ्या बायका होत्या. १० वर्षांत परतावा शेकाशिवाय ९.५ टक्के, शेक घेऊन ०.९. दहापट! घाबरलास ना? शंभरातल्या नऊ. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे ८१ टक्क्यांच्या आसपास. मात्र गोळी पाच वर्षं घ्यायची, सांधे कुरकुरले तरी. गोळी सोडणाऱ्या बाईला हा आकडा लागू नाही.

आणि एका बैठकीची तुलना तू पाच-सहा आठवड्यांशी करतोयस, ती जुनी झाली. फास्ट-फॉरवर्ड चाचणीनंतर बाहेरून २६ ग्रे पाच दिवसांत देता येतात. सोमवारी सुरू, शुक्रवारी संपलं. स्वारगेटपर्यंत एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, नाहीतर आठवडाभर मुलाकडे राहतील. मुलाची सुट्टी वाचवायला आजींच्या शरीरात काय करायचं ते ठरत नाही. (माझ्या अंदाजाने सुट्टीचाच प्रश्न आहे. विचारून बघ.)

माझ्याबद्दल डिपार्टमेंटमध्ये एक गोष्ट फिरते, ती तुझ्या कानावर आली असेलच. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी माझ्याशी बोलून शेक नाकारला आणि काही वर्षांनी आजार त्याच जागी परतला. भर मीटिंगमध्ये एका ज्येष्ठ सर्जननी 'मॅडमची फिलॉसॉफी' म्हणून टोमणा मारला. त्यांच्याशी पुन्हा मोकळं बोलणं झालं नाही, त्याची हळहळ मला आहे. भूमिकेची नाही. मी त्या बाईंना शंभरातल्या दहा सांगितलं होतं, आणि त्या दहांत कोणीतरी खरीखुरी बाई असणारच ना! दुसरं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्या मला भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, 'तुम्ही सांगितलं होतंत.' ज्यांनी कधी आकडा उच्चारलाच नाही त्यांना असं कोणी म्हणत नाही. हट्टी म्हण हवं तर. सगळे म्हणतात.

तर गुरुवारच्या ट्यूमर बोर्डाआधी (सगळे डॉक्टर बसून केस ठरवतात ती बैठक) आजींना एकट्यांना बसव, मुलगा दहा मिनिटं बाहेर चहा घेऊ दे. कागदावर शंभर ठिपके काढ. तीन कागद : टेबलावरचा शेक, पाच दिवसांचा शेक, फक्त गोळी. परतलं तर पुढे काय करावं लागेल तेही सांग, स्तन काढावा लागू शकतो हे न लपवता. त्यांची हाडं, हृदय, घरी त्यांच्याकडे कोण बघतं, सगळं विचार. मग त्या जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिही आणि बोर्डात वाचून दाखव. सर चिडले तर माझं नाव सांग, मला सवय आहे.

आणि तो तक्ता मला परत पाठव, पटीचे कॉलम काढून.

तुझी,
मॅडम