६० लिटरच्या रीफ टँकची (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची) उपकरणं कशी मांडावीत आणि कोणती कामं आधी स्वयंचलित करावीत?

सगळ्यात आधी ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे पातळी उतरली की सेन्सरच्या इशाऱ्यावर साठ्यातून पाण्याची भर घालणारं यंत्र. लहान टँकमध्ये खारटपणा फार लवकर सरकतो. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, त्यामुळे ६० लिटरमधले २ लिटर गेले की ३५ पीपीटीचे (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३६ च्या वर होतात. भर नेहमी गोड्या आरओ पाण्याचीच घाला, मिठाच्या पाण्याची नाही. आणि साठ्याची टाकी मुद्दाम लहान ठेवा, ५ लिटरच्या आसपास. सेन्सर अडकून सगळं पाणी आत गेलं तरी खारटपणा साधारण ३२ वर थांबेल, प्रवाळ बहुधा तग धरतील. तेवढं पाणी मावायला टँकमध्ये वर जागा मात्र हवी.

दुसरं, हीटर. त्याच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर विसंबू नका, तो चालू अवस्थेत चिकटला तर एका रात्रीत टँक संपतो. वेगळा तापमान नियंत्रक २५.५ अंशांवर लावा आणि हीटरचा थर्मोस्टॅट २७ वर ठेवा, म्हणजे नियंत्रक बिघडला तर तो दुसरा अटकाव.

दिव्यांना साधा टायमर पुरतो.

डोसिंग पंपाची (प्रवाळांनी वापरलेली खनिजं मोजून परत घालणाऱ्या पंपाची) घाई नको. काही आठवडे अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातली कार्बोनेटं, ज्यांतून प्रवाळ सांगाडा बांधतात) स्वतः मोजा, रोजचा खप कळला की मगच पंप.

मांडणीत एकच गोष्ट कळकळीने सांगतो: पॉवर स्ट्रिप पाण्याच्या पातळीच्या वर, बाजूच्या फळीवर उभी बसवा. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच ठिबकेल. आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. प्रत्येक प्लगवर नावाची पट्टी चिकटवा, ओल्या हातांनी घाईत चुकीचा प्लग ओढला जाणार नाही.